बॅरी हॅरिस यांच्या तालमीसाठी रोलँड एफपी-१० : पेटीवरून पियानोकडे येणाऱ्यांसाठी परीक्षण

जॅझ पियानो शिकायचा म्हणून वाद्य घ्यायला निघालं की बेळगावात एक सल्ला हमखास मिळतो: ज्यात आवाज जास्त, ऱ्हिदम जास्त, तो कीबोर्ड घ्या. ऑर्केस्ट्रात वाजवायचं असेल तर सल्ला बरोबर आहे. बॅरी हॅरिस या अमेरिकन जॅझ पियानिस्ट-शिक्षकांच्या पद्धतीनं शिकायचं असेल तर त्यात पैसे वाया जातात. त्यांच्या धड्यांना आवाज एकच लागतो, पियानोचा. पट्ट्या मात्र पूर्ण ८८ लागतात आणि त्यांना बोटाखाली वजन लागतं. रोलँड एफपी-१० या डिजिटल पियानोत आवाज जेमतेम पंधरा आहेत, वर बटणं मोजकीच, आणि किमतीतला मोठा वाटा पट्ट्यांवर खर्च झालेला दिसतो. या तालमीसाठी त्या किमतीच्या आसपास हेच वाद्य घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यात उणिवाही आहेत आणि आपल्याकडच्या पावसात, विजेत त्या जास्त जाणवतात. त्यावर पुढे सविस्तर येईलच.

आधी हॅरिस यांच्याविषयी, कारण वाद्याची पारख त्यांच्या शिकवण्यावरूनच करायची आहे. जन्म १५ डिसेंबर १९२९, डेट्रॉइट. आई चर्चमध्ये पियानो वाजवायची. चार वर्षांच्या मुलाला तिनंच शिकवायला सुरुवात केली. जॅझमधले चार्ली पार्कर, बड पॉवेल आणि थेलोनियस मंक ही त्यांची दैवतं. विशी-पंचविशीतच डेट्रॉइटमधलं त्यांचं घर म्हणजे शाळा झाली होती: सॅक्सोफोनवादक चार्ल्स मॅकफर्सन आणि जो हेंडरसन, ट्रम्पेटवादक लॉनी हिलियर असे वादक तिथे शिकून गेले. हे सगळे फुंकवाद्यांचे वादक आणि शिकवणारा पियानिस्ट, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. हॅरिस वाद्याचं तंत्र कमी आणि स्वरांची चाल जास्त शिकवत. १९६० साली सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली यांच्या संचाबरोबर ते न्यूयॉर्कला आले. ली मॉर्गन, डेक्स्टर गॉर्डन, कोलमन हॉकिन्स यांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांचा पियानो आहे. पुढे न्यू जर्सीतल्या वीहॉकेनमध्ये जॅझवादकांच्या आश्रयदात्या बॅरोनेस पॅनोनिका यांच्या घरी ते राहिले. मंक यांची अखेरची वर्षंही १९८२ पर्यंत त्याच घरात गेली. त्याच १९८२ साली हॅरिस यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘जॅझ कल्चरल थिएटर’ काढलं. १९८७ साली ते बंद पडलं, पण शिकवणं थांबलं नाही. दर आठवड्याचे वर्ग चालूच राहिले. आधी पियानोवाले, मग गायक, मग सगळ्या वाद्यांचे लोक. करोनाच्या काळात ऑनलाइन शिकवलं आणि ८ डिसेंबर २०२१ रोजी करोनाच्या गुंतागुंतीमुळेच ते गेले. आठवड्यानं ९२ पूर्ण झाली असती.

वर्गाची रीत आपल्याला अजिबात परकी वाटणार नाही. समोर बसायचं, गुरुजींनी वाजवलेलं किंवा गायलेलं ऐकायचं, तसंच म्हणायचं, मग बाराही सुरांतून काढायचं. कागद नंतर. बेळगावला पेटी ऐकायचा कान पं. राम विजापुरे यांनी लावून दिला. २०१० साली ते गेले तोवर त्यांच्या हाताखाली कैक पेटीवादक तयार झाले होते. त्या परंपरेत ज्यानं पलटे घोटले आहेत त्याला हॅरिस यांचे धडे पाश्चात्त्य नोटेशन शिकलेल्या माणसापेक्षा लवकर पचतात, कारण कान आणि पाठांतर तयार असतं. अडतं ते हातापाशी. त्याचा डावा हात आयुष्यभर भात्यावर राहिलेला असतो, आणि उजव्या बोटांना जोर कमी-जास्त करायची सवय नसते, कारण पेटीत जोर भात्यातून येतो.

आता धडे, आणि एकेका धड्यावर वाद्य कसं उतरतं ते.

पहिला धडा सेव्हन्थ कॉर्डच्या स्वरमालेचा. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे सूर; सेव्हन्थ कॉर्डमध्ये सा, ग, प आणि कोमल नी. पांढरी एक षड्ज धरा. सा रे ग म प ध आणि कोमल नी, म्हणजे सरळ सरळ खमाज थाट. एका मात्रेला दोन सूर अशी चाल. साहून निघून कोमल नीपर्यंत चढायचं, परत साला उतरायचं. चार मात्रांच्या दोन आवर्तनांत हे बसतं आणि शेवटचा सा दुसऱ्या आवर्तनाच्या तिसऱ्या मात्रेवर येतो. मग नुसता अवरोह घ्या: सा नी ध प म ग रे सा. मोजलंत तर कळेल, खालचा सा चौथ्या मात्रेच्या अर्ध्यावर पडतो. सम हुकते. हॅरिस यांचा उपाय साधा आहे. सा आणि कोमल नी यांच्यामध्ये शुद्ध नी घाला. सा, शुद्ध नी, कोमल नी, ध, प, म, ग, रे असे आठ सूर झाले आणि खालचा सा नेमका समेवर. खमाजाच्या अवरोहात कोणी असे दोन निषाद लागोपाठ घेणार नाही, कानाला सुरुवातीला खटकतंही. पण इथे तो शुद्ध नी रागाचा सूर म्हणून येत नाही, लय सावरण्यासाठी येतो. नियम पुढे असा: सा, ग, प किंवा कोमल नीवरून उतरायला सुरुवात केली तर एक किंवा तीन अर्धस्वर घालायचे, रे, म, ध वरून केली तर एकही नाही किंवा दोन. एक घालायचा तो सा-नीच्या मध्ये. दोन घालायचे तर रे-साच्या आणि सा-नीच्या मध्ये. तीन असतील तर त्यात ग-रे यांच्यामधलाही धरायचा.

या धड्यात एफपी-१० ची पट्टी पहिल्या दिवसापासून कामाला येते. पट्ट्या खालच्या सप्तकात जड, वर जाताना हलक्या होत जातात, खऱ्या पियानोसारख्या. हळू दाबली तर तळाजवळ बोटाला बारीकशी अडकण लागते. पियानोत हातोडी सुटते त्या जागेची ती नक्कल आहे. पृष्ठभाग किंचित खरखरीत आहे, त्यामुळे एप्रिल-मेच्या घामात बोट घसरत नाही. पेटीवाल्याचं बोट मात्र इथे दोन चुका हटकून करतं. पेटीची पट्टी दाबून धरली की सूर टिकतो, म्हणून तो पुढचा सूर येईपर्यंत मागची पट्टी दाबूनच ठेवतो आणि सूर एकमेकांत कालवतात. दुसरी चूक म्हणजे पट्टी नुसती खाली न्यायची सवय. पियानोत पट्टी किती वेगानं खाली गेली यावर आवाज ठरतो, किती जोरानं तळाशी दाबून धरली यावर नाही. आवाज निघाल्यावर जोर लावणं म्हणजे मनगट दुखवून घेणं. स्पर्शाची पातळी बदलायची सोय वाद्यात आहे, पण ती हलकी करून घेण्याचा मोह सुरुवातीला टाळावा. जड वाटतंय ते महिन्याभरात अंगवळणी पडतं.

दुसरा धडा हॅरिस यांचं खरं देणं आहे. शुद्ध स्वरसप्तकात एक कोमल धैवत जास्तीचा घाला. सा रे ग म प, कोमल ध, शुद्ध ध, नी. ललतात दोन मध्यम लागोपाठ येतात तसे इथे दोन धैवत. आता आठ सूर झाले. एक सोडून एक घेतला तर सा ग प ध हा सिक्स्थ कॉर्ड मिळतो, आणि उरलेले रे म कोमल-ध नी हा डिमिनिश्ड कॉर्ड. पायरी पायरीनं चढा: सा ग प ध, रे म कोमल-ध नी, ग प ध सा, म कोमल-ध नी रे... असं करत वरच्या सापर्यंत. दर दुसऱ्या पायरीला घरचा कॉर्ड, मधल्या पायरीला घराकडे ओढणारा. एरवी पियानिस्ट एक कॉर्ड दाबून थांबतात आणि पुढच्याची वाट बघतात. या पद्धतीत एकाच कॉर्डवर आठ पायऱ्यांची चाल हाताशी असते. जगभरच्या पियानो आणि गिटार वादकांनी ही गोष्ट उचलली ती याचसाठी.

हाताला बसवायचं ते असं. चार सुरांतला वरून दुसरा सूर एक सप्तक खाली टाका. सा ग प ध मधला प मंद्रात गेला की होतं प सा ग ध. प आणि सा डाव्या हातात, ग आणि ध उजव्या. पुढची पायरी कोमल-ध रे म नी, त्यापुढची ध ग प सा. डाव्या हाताला ही पहिली खरी नोकरी मिळते. सुरुवातीला दोन्ही हात वेगवेगळे घोटा, मग जोडा, आणि मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारी सोय, मिनिटाला ६० ठोक्यांच्या वर नेऊ नका. पायरीला दोन मात्रा द्या. चुकतं कुठे ते ठरलेलं आहे: चौथ्या पायरीवर डावा हात नीवर जायच्या ऐवजी सवयीनं वरच्या सावर जातो, कारण धच्या पुढे सा हे अंतर मागच्या कॉर्डमध्ये नुकतंच ऐकलेलं असतं. तिथे थांबून फक्त तिसरी-चौथी पायरी वीसेक वेळा मागे-पुढे करावी.

हा धडा वाद्याची खरी परीक्षा घेतो. चार सुरांत सगळ्यात वरचा सूर ही चाल असते. ती बाकी तिघांपेक्षा थोडी उठून यायला हवी. हलक्या स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर उजव्या करंगळीला एवढा नेमका फरक करता येत नाही. एकतर सगळेच सूर सारखे येतात किंवा वरचा किंचाळतो. एफपी-१० वर तो फरक करता येतो आणि चुकला की लगेच ऐकूही येतो. याच किमतीच्या पंक्तीतला यामाहा पी-४५ हलका आहे, ११.५ किलो, एफपी-१० च्या १२.३ किलोपुढे; आवाज स्वच्छ आहे, जुन्या बाजारात भेटतो. पण अगदी हळू वाजवताना त्याच्या पट्टीवरचा ताबा एफपी-१० इतका राहत नाही. एफपी-१० मध्ये दर पट्टीखाली तीन सेन्सर आहेत, पी-४५ मध्ये दोन. त्यामुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधी तोच सूर पुन्हा वाजवायचा असेल तर एफपी-१० जास्त खात्रीचा. दुकानात ‘पॉलिफनी’चा, म्हणजे एका वेळी किती सूर वाजू शकतात त्याचा, आकडा फार सांगतात, एकात ९६, दुसऱ्यात ६४. या तालमीपुरता त्या आकड्याला अर्थ नाही. आठही पायऱ्या सूर लांबवणारं पेडल न सोडता वाजवल्या तरी ३२ सूर होतात.

तिसरा धडा थोडक्यात, कारण तो कानापेक्षा बुद्धीचा आहे. डिमिनिश्ड कॉर्ड एकूण तीनच. सी, ई फ्लॅट, जी फ्लॅट, ए हा त्यातला एक घ्या (सी म्हणजे पांढरी एक, फ्लॅट म्हणजे कोमल). त्यातला कुठलाही एक सूर अर्धस्वरानं उतरवा, सेव्हन्थ कॉर्ड तयार होतो: सी उतरवला तर बी सेव्हन, ई फ्लॅट उतरवला तर डी सेव्हन, जी फ्लॅट उतरवला तर एफ सेव्हन, ए उतरवला तर ए फ्लॅट सेव्हन. हे चौघे एका घरातले, एकाच्या जागी दुसरा चालतो. तीन घरं, प्रत्येकी चार, म्हणजे बाराही सेव्हन्थ कॉर्ड झाले. इथे वाद्याच्या ट्रान्सपोज सोयीला हात लावू नका. पेटीवर सा बदलून वाजवायची सवय असल्यानं आपल्याकडच्या वादकाला काळी एक, काळी चार यांची भीती नसते. बटणानं सूर बदलून ते बळ घालवण्यात काय अर्थ आहे?

मेट्रोनोम वाद्यातच आहे, पण चालू करायला फंक्शन बटण धरून ठरावीक पट्ट्या दाबाव्या लागतात. कुठली पट्टी कशाला हे लक्षात राहत नाही, म्हणून माहितीपत्रकातलं ते पान झेरॉक्स काढून स्टँडला अडकवावं. ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ऐकायची सवय लावा: गाण्याची लय १२० असेल तर मेट्रोनोम ६० वर ठेवून त्या ठोक्याला ‘दोन’ आणि ‘चार’ म्हणायचं. सम आपण मनात धरायची.

आता उणिवा. सोबत येणारं पेडल हे साधं खटक्याचं आहे, चालू किंवा बंद, मधलं काही नाही. गुळगुळीत फरशीवर ते पायाखालून सरकतं. खाली रबरी मॅट घाला. दुसऱ्या कंपनीचं पेडल लावलं आणि न दाबताच सूर लांबायला लागले तर वाद्य बिघडलेलं नसतं, पेडलची दिशा उलटी असते. बऱ्याच पेडलवर ती बदलायचं छोटं बटण असतं. वर सांगितलेले धडे आधी पेडलशिवायच घोटावेत, म्हणजे एका कॉर्डवरून दुसऱ्यावर बोटांनीच सरकायला हात शिकतो.

स्पीकर ६ वॅटचे दोन, तोंड खाली. दिवाणावर किंवा गादीवर वाद्य ठेवलं की आवाज दबतो आणि मंद्रातला गोंधळ झाकला जातो. तो झाकला जाणं वाईट, कारण डावा हात फार खाली गेला तर चार सुरांचा कॉर्ड चिखल होतो आणि ते ऐकू यायला हवं. त्यासाठी कान झाकणारे बरे हेडफोन वापरा. बाहेर आवाज न्यायला वेगळा लाइन-आउट नाही. हेडफोनचं बारीक छिद्र हेच बाहेर जायचं दार. छोट्या मैफलीत मिक्सरला जोडायचं तर एका बाजूला ३.५ मिलिमीटरची स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन ६.३ मिलिमीटरच्या मोनो पिना अशी वायर लागते. नुसती मोनो वायर लावली तर आवाज अर्धवट जातो आणि दोष वाद्यावर येतो. पिन आत गेली की वाद्याचे स्वतःचे स्पीकर बंद होतात, म्हणून वाजवणाऱ्यासाठी मॉनिटर वेगळा मागून घ्या. पट्ट्यांचा खाली आपटल्याचा ठकठक आवाजही आहे. हेडफोन लावून रात्री वाजवलं तरी खालच्या मजल्यावर तो जातो. स्टँडच्या पायांखाली जाड रबर घातलं की बराच कमी होतो.

बॅटरीवर हे चालत नाही. अडॅप्टर १२ व्होल्टचा आहे आणि वीज गेली की वाद्य गप्प. घरच्या इन्व्हर्टरवर व्यवस्थित चालतं. राउटरचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. पिनेची दिशा आणि अँपिअर अडॅप्टरवर छापलेले असतात, ते जुळल्याशिवाय तो प्रयोग करू नये. दाबाचा चढउतार असलेल्या भागात, विशेषतः शेतीपंपांच्या लाइनवरच्या गावांत, स्टॅबिलायझर किंवा निदान बरा स्पाइक-गार्ड हवाच.

पावसाळा हा इथला खरा शत्रू. जून ते सप्टेंबर खानापूरकडच्या घरांत भिंती घाम धरतात, शहरातल्या जुन्या गल्ल्यांत तळमजल्यावर तेच. बाहेरच्या भिंतीला लागून वाद्य ठेवू नका, चार बोटं तरी अंतर ठेवा. प्लास्टिकचा कागद गुंडाळू नका, आत ओल कोंडते. जाड सुती कापड पुरतं. ओल आणि धूळ काय करते ते समजून घेण्यासारखं आहे. पट्टीखाली रबराच्या पट्टीवर काळे संपर्कबिंदू असतात. पट्टी खाली जाताना ते एकामागून एक टेकतात आणि त्या दोन टेकण्यांमधल्या वेळावरून वाद्य जोर ठरवतं. एखाद्या बिंदूवर घाण बसली की वेळ चुकीचा मोजला जातो. मग तो एकच सूर, कितीही हळू दाबा, एकदम ओरडतो, नाहीतर मधूनच मुका होतो. हार्मोनियमच्या कारागिराकडे याचा इलाज नाही. इलेक्ट्रॉनिक वाद्यं उघडणाऱ्यानं ती रबरपट्टी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची असते. वॉरंटी चालू असताना स्वतः उघडू नका.

स्टँड स्वस्तातला एक्स आकाराचा घेऊ नये. कॉर्ड जोरात वाजले की तो झुलतो, आणि गुडघे मध्ये अडकतात. चार पायांचा किंवा लाकडी घ्या. खडेबाजारात मिळत नसेल तर वाद्याची लांबी १२८ सेंटिमीटर आणि खोली २६ सेंटिमीटर सांगून सुताराकडून करून घेता येतो. पट्ट्यांचा वरचा भाग जमिनीपासून ७२-७४ सेंटिमीटरवर यावा. स्टूल इतकं की कोपर पट्ट्यांच्या पातळीला यावं. मांडी घालून बसून, चौरंगावर वाद्य ठेवून वाजवायचा प्रयत्न होतो. तो करू नये. डावा हात मंद्रात पोचत नाही आणि पेडलला पाय कुठून आणणार?

भजनी मंडळ, सुगम संगीताची साथ किंवा लग्नातला ऑर्केस्ट्रा हे काम असेल तर हे वाद्य तुमचं नाही. त्यात तबला-ढोलकीचे ऱ्हिदम नाहीत, आणि बारा किलोंचं धूड पखवाजाशेजारी नेऊन बसवण्यात कोणाचंच भलं नाही.

घेताना दुकानात निदान अर्धा तास मागा. ८८ पट्ट्या एकेक करून आधी अगदी हळू दाबा, मग मध्यम जोरात. एखादी शेजारणीपेक्षा मोठी किंवा मुकी निघाली तर तो नग नको. हेडफोन लावून दोन्ही कानांत आवाज येतो का बघा. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि दुरुस्तीसाठी वाद्य कुठे पाठवावं लागेल, तिथवर नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, हे पैसे देण्याआधी विचारा. कोल्हापूर, हुबळी किंवा पणजीहून आणणार असाल तर मूळ खोका आणि आतला थर्माकोल सांभाळून ठेवा, गाडीची मागची सीट टेपनं मोजून जा. सेकंडहँड मिळत असेल तर हळू दाबण्याची तीच तपासणी पावसाळ्यात करा. कोरड्या हवेत लपलेले संपर्काचे दोष तेव्हा उघडे पडतात.